आर्कान्सॉच्या काठावरील रोजनिशी

अमेरिकेतील मिसुरीपासून तत्कालीन मेक्सिकोमधील सांता फे या नगरापर्यंत १८२१ पासून व्यापारी गाड्यांचे तांडे जाऊ लागले. वाट कोमांची आणि कायोवा या जमातींच्या शिकारभूमीतून जात होती. १८२८ मध्ये परतीच्या तांड्यांवर हल्ले झाले, माणसे मेली, आणि व्यापाऱ्यांनी सरकारकडे संरक्षण मागितले. त्यानुसार १८२९ च्या उन्हाळ्यात मेजर बेनेट रायली याच्या हाताखाली सहाव्या पायदळ पलटणीच्या चार कंपन्या निघाल्या. रायलीने या मोहिमेची रोजनिशी ठेवली. त्याच्यासोबतचा तरुण लेफ्टनंट फिलिप सेंट जॉर्ज कुक यानेही पुढे १८५७ मध्ये आपल्या पुस्तकात तिचे वर्णन केले.

पायदळ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात घोडदळच नव्हते. घोड्यावर जन्म काढलेल्या लढवय्यांशी सामना द्यायला पायी चालणारी माणसे पाठवली गेली! सैन्याच्या शिधासामग्रीच्या गाड्यांना मात्र खेचरांऐवजी बैल जुंपले होते. त्या वाटेवर हा प्रयोग नवा होता. बैल मुक्कामापर्यंत टिकतील काय, अशी शंका होती. ते टिकले, आणि पुढे व्यापाऱ्यांनीही बैल स्वीकारले.

जुलैमध्ये सर्वजण आर्कान्सॉ नदीवर पोहोचले. १८१९ च्या करारानुसार तेथे नदी हीच सरहद्द होती. पलीकडे मेक्सिको, सैन्याला तेथे जाण्याची मुभा नव्हती. चार्ल्स बेंटच्या नेतृत्वाखाली तांडा एकटाच नदी उतरला. काही मैलांवर, वाळूच्या टेकड्यांत, त्याच्यावर हल्ला होऊन एक व्यापारी ठार झाला. जासूद धावत आले. रायलीने परराज्याची सीमा ओलांडून तांड्याला गाठले, त्याला थोडे पुढे पोहोचवले आणि तो उत्तर काठावर परतला. आज्ञा मोडली खरी, पण त्या रात्री दुसरे काय योग्य ठरले असते?

त्यानंतरचे महिने केवळ प्रतीक्षेचे होते. मुदत संपलेले चार शिपाई हट्टाने घरी पायी निघाले. वाटेत एक मारला गेला, उरलेले तिघे छावणीत परत आले. ऑगस्टच्या आरंभी स्वारांनी छावणीची जनावरे हाकून नेली. आपली गुरे डोळ्यांदेखत जात आहेत आणि घोडे नसल्यामुळे पाठलाग करता येत नाही, ही चरफड रायलीने मोकळेपणाने नोंदवली आहे. सेनापतीने स्वतःची असहायता अशी लिहून ठेवणे विरळाच. १८३३ मध्ये ड्रॅगून ही घोडेस्वारांची पलटण उभी राहिली, त्यामागे या अनुभवाचाही वाटा होता. कुक त्याच पलटणीत गेला. कोमांची-कायोवांना मात्र या लिखाणात शत्रूपलीकडे ओळख नाही. ज्यांच्या भूमीतून ही वाट गेली, त्यांची बाजू त्यात शोधूनही सापडत नाही.

ऑक्टोबरात तांडा परतला, तो कर्नल व्हिस्कार्राच्या मेक्सिकन सैन्याच्या संरक्षणात. दोन्ही दळांनी एकमेकांचे स्वागत केले. रायलीच्या तंबूत हिरवी घोंगडी अंथरली होती. तिच्याभोवती मांडी घालून पंगत बसली. भाकरी, बायसनचे मांस आणि खारवलेले डुकराचे मांस वाढले गेले. परंतु त्या जेवणाचे खरे वैभव म्हणून कुकने वर्णिले आहेत ते पाहुण्यांनी आणलेले मोठमोठे कच्चे कांदे.