पहारा नेमका कोणावर?

२४ मे २०२० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा भागात रिओ टिंटो कंपनीने जूकन घळीतल्या दोन गुहा सुरुंगाने उडवल्या. कशासाठी? ८० लाख टन जादा लोहखनिजासाठी. त्यातल्या एका गुहेत ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसांच्या वावराच्या खुणा होत्या. २०१४ च्या उत्खननात तिथे माणसाच्या केसांची सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची वेणी सापडली आणि तिचा डीएनए आजच्या पुतु कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळला. वारस असल्याचा आणखी कोणता दाखला हवा होता?

कंपनीने कायदा मोडला, असे अनेकांना वाटते. आम्हांला जास्त अस्वस्थ करते ते हे की परवानगी कायद्यानेच दिली होती. १९७२ चा वारसा कायदा नावाने संरक्षणाचा. पण त्याच्या कलम १८ खाली मंत्री जागा नष्ट करायला संमती देऊ शकत होता. २०१३ मध्ये ती दिली. वेणी नंतर सापडली, तरी नवा पुरावा पाहून संमती फिरवायची सोयच कायद्यात नव्हती. मंत्र्याच्या निर्णयाविरुद्ध खाणवाल्याला दाद मागता येत होती. ज्यांचे पूर्वज तिथे राहिले त्यांना नाही. शिवाय कंपनीशी केलेल्या कराराने त्यांचे तोंड बांधलेले.

आता याच लोकांवरची देखरेख पाहा. १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्यानुसार जमिनीवरचा हक्क मान्य झाला की तो सांभाळायला त्यांना कॉर्पोरेशन नोंदवावे लागते. २००६ च्या कायद्याने त्यावर निबंधक बसवला. तो दप्तर तपासतो, नोटीस काढतो, वेळ पडली तर संचालक मंडळ बाजूला सारून विशेष प्रशासक नेमतो. हिशेब तपासूच नये, असे आमचे म्हणणे नाही. समाजाच्या पैशाचा हिशेब समाजाला मिळालाच पाहिजे, आपल्या संस्थांतही. पण वहीखात्यावर एवढी बारीक नजर ठेवणाऱ्या शासनव्यवस्थेला सुरुंग भरताना थांबवता आले नाही, याला योगायोग कसे म्हणायचे?

गदारोळ झाला. संसदीय समिती बसली, कंपनीचे तीन बडे अधिकारी गेले. नवा कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला. शेतकरी आणि जमीनमालकांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्येच सरकारने तो रद्द करण्याची घोषणा केली. १९७२ चाच कायदा दुरुस्त्यांसह परत आला. मूलनिवासींना आता न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून प्रीमियर ते प्रकरण स्वतःकडे ओढून घेऊ शकतो.