ठळक आकड्यांचा धाक

लॅबच्या रिपोर्टमध्ये ठळक छापलेला आकडा म्हणजे बिघाड आणि साधा छापलेला म्हणजे सारे आलबेल, हे मत शहरातल्या मॅरेथॉनपटूंपासून नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांनी निमूट मान्य केले आहे. या मताच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ‘नॉर्मल’ची हद्द कोणी मनाने आखलेली नसते. रक्तक्षय, यकृताचे दुखणे, मूत्रपिंडाचा विकार वेळीच ध्यानात येतो तो तिच्यामुळेच. तरीही लांब पल्ला धावणाऱ्याच्या बाबतीत हे मत दोन्ही टोकांना लंगडे पडते.

आधी ही हद्द ठरते कशी ते पाहू. निरोगी माणसांची मापे घेऊन मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण हद्दीबाहेर जाणार हे गृहीतच असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर काहीही झाले नसताना निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. शिवाय ज्यांच्यावरून हा पट्टा आखला, ती माणसे आदल्या दिवशी तोरणमाळचा घाट धावून आलेली नसतात.

घाट धावून आलेल्याचे रक्त वेगळेच बोलते. दमवणाऱ्या सरावानंतर स्नायूंतले सीपीके हे विकर रक्तात उतरते. एरवी दोनशेच्या आत असणारा आकडा हजारांत जाऊ शकतो. यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी यकृताप्रमाणे स्नायूंतही असते, त्यामुळे तेही वाढते. एसजीपीटीही थोडे सरकते. मग ‘लिव्हरला सूज’ म्हणून पथ्य सुरू! त्याच तपासणीतले जीजीटी मात्र स्नायूंतून येत नाही. ते आणि बिलिरुबिन जागच्या जागी असून सीपीके चढलेले असेल, तर संशय आधी स्नायूंवर जायला हवा. आठवडाभर विश्रांती घेऊन पुन्हा रक्त दिले की बहुधा उलगडा होतो. मूत्रपिंडासाठी पाहिल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनचेही तसेच: स्नायू भरदार असले किंवा अंगात पाणी कमी असले तरी ते वर जाते.

हिमोग्लोबिनचा घोळ याहून मोठा. नियमित लांब धावण्याने रक्तातला द्रवभाग १० ते २० टक्के वाढू शकतो. वरणात पाणी वाढवले म्हणून डाळ कमी होत नाही, तसेच इथे तांबड्या पेशी कमी झालेल्या नसतात. फक्त मोजमापात हिमोग्लोबिन उतरलेले दिसते.

इथवरचे ऐकून काही प्रशिक्षक उलटे टोक गाठतात: ‘धावणाऱ्याचे रक्त पातळच असते, रिपोर्ट बघूच नका.’ हे मत पहिल्याहून घातक, आणि नंदुरबार जिल्ह्यात तर अधिकच. लोहाची कमतरता आणि सिकलसेल या दोन्ही गोष्टी इथल्या आदिवासी पाड्यांत घरोघरच्या आहेत. पूर्वी १५ असलेले हिमोग्लोबिन १३.२ वर आले तर पुरुषाच्या रिपोर्टवर ठळक खूण उमटेलच असे नाही. पण पेशींचे आकारमान, म्हणजे एमसीव्ही, घटत असेल आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तळाला गेले असेल, तर लोहाची शिल्लक संपत आली आहे. पातळपणाने एमसीव्ही घटत नाही.

एमसीव्ही कमी म्हणजे लोहच कमी, असेही नाही. समजा एमसीव्ही ६६ आणि तांबड्या पेशी ५.९ दशलक्ष आहेत. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर ११ च्या आसपास येते. १९७३ साली मेंत्झरने सुचवलेल्या या भागाकारात १३ च्या खालचे उत्तर थॅलेसेमियाच्या वाहकाकडे बोट दाखवते. निकाल मात्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणीच देते. अशा धावपटूला फेरिटिन न पाहता वर्षभर लोहाच्या गोळ्या चारण्यात अर्थ नाही.

सिकलसेलच्या वाहकाबद्दलही दुहेरी गैरसमज आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक माणसाचे हिमोग्लोबिन सहसा ठीक असते. ते उतरले तर ‘सिकल आहे ना’ म्हणून हात झटकू नयेत. दुसरे कारण, बहुधा लोह, शोधावे. आणि त्याला धावण्याची बंदी? अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ च्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर जास्त आढळला नाही. श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता, आणि तंबाखू घेणाऱ्यांचा धोकाही साधारण तितकाच होता. तेव्हा बंदी नको. पाणी, उन्हाची वेळ टाळणे, चढाचा सराव हळूहळू वाढवणे आणि पाय गळाठले की थांबणे हवे.

मग रिपोर्ट वाचायचा कसा? उत्तेजके घेऊन केलेली खेळाडूच्या रक्तातली चोरी पकडणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेने २००९ साली ‘जैविक पासपोर्ट’ आणला. त्यात खेळाडूची तुलना मुख्यतः त्याच्याच जुन्या मापांशी होते. चोर धरायला जे माप लागते, तेच आजार ओळखायलाही कामाचे. एकच लॅब, सकाळची वेळ, आधी किमान दोन दिवस हलका सराव, अंगात पुरेसे पाणी, आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात शेवटची मोठी धाव कधी झाली याची नोंद, एवढे पाळले तर आकडे आपापसांत बोलू लागतात.

यावर आक्षेप येईल, की हे परवडणार कोणाला? पण एमसीव्ही आणि पेशींची संख्या साध्या सीबीसीतच छापलेली असते. तिकडे कोणी पाहत नाही इतकेच. सिकलची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे पुढची तपासणी ठरवते. पदरचा खर्च उरतो तो मुख्यतः फेरिटिनचा, आणि ते वर्षातून एक-दोनदा पुरते. ठळक आकड्याला घाबरून सुरू केलेल्या गोळ्या आणि पथ्ये याहून महाग पडतात.