शाळा कुणी चालवायची? पुण्यातला 1880 ते 1890 चा अनुभव

शाळेतले निर्णय मुख्याध्यापकाने एकट्याने घ्यावेत की सगळ्यांनी मिळून, हा प्रश्न आज आपण एका जुन्या उदाहरणावरून पाहू.

1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. टिळक, नामजोशी, वामन शिवराम आपटे, मागाहून आगरकर अशी मंडळी जमली. शिकवणारे तेच आणि चालवणारेही तेच. 1882 मध्ये चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तरी शाळा चालू राहिली, कारण तिचा भार एकाच खांद्यावर नव्हता.

पुढे 24 ऑक्टोबर 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडलं. बेताच्या वेतनावर 20 वर्षं काम करायचं, असं व्रत घेतलेले आजीव सदस्य एकत्र बसून कारभार ठरवत. प्राचार्य आपटे हेही त्यांच्यातलेच एक.

मग बिनसलं कुठे? सामाजिक सुधारणेवरून टिळक-आगरकरांचं जमेना, हे आपण जाणतोच. पण मंडळात वाद पेटला तो वेतनावरून आणि बाहेरच्या कामांवरून. टिळकांपुढे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता. सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेलाच द्यावी, असं ते म्हणत. इतरांना हे बंधन जाचक वाटे. संसार चालला पाहिजे आणि शाळेबाहेरचा वेळ ज्याचा त्याचा, असं त्यांचं म्हणणं. 1890 मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा हा वाद टोकाला गेला. डिसेंबरात टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला.

म्हणजे सामुदायिक निर्णयाची पद्धत फसली का? आम्हाला तसं वाटत नाही. 1892 मध्ये आपटे गेले, आगरकर प्राचार्य झाले, 1895 मध्ये तेही गेले. संस्था मात्र टिकली. एकाच कर्त्या पुरुषावर उभी असती तर टिकली असती का, सांगा बघू! पण त्याग म्हणजे नेमका किती, हे सुरुवातीला सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते मोकळेपणाने बोलायची वेळ आली तोवर मनं दुरावली होती. हात वर करून ठराव होतो हो, पण दुरावलेला माणूस त्याने परत येत नाही.

त्या मंडळात पालक नव्हते, स्त्रिया तर नव्हत्याच. आज 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. रचना आपल्याला मिळाली आहे. पण आधीच लिहून ठेवलेल्या इतिवृत्तावर नुसत्या सह्या होत असतील, तर त्या रचनेचा उपयोग काय?

म्हणून मुख्याध्यापकांना आमचं एवढंच सांगणं आहे. पैसा, वेळ आणि कामाची वाटणी हे अवघड विषय पहिल्याच बैठकीत काढा. माणसं एकमेकांचं ऐकून घेतात तोवरच ते बोलून घ्यावेत.