आईने मागितलेली गीता

आपल्या मंडळात दर गुरुवारी गीताईचा अध्याय होतो. ही गीताई एका घरातल्या बाईने मागितली होती, हे नव्याने आलेल्या पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. म्हणून स्मरणिकेसाठी ही हकीकत लिहीत आहे.

विनोबांनी १९१६ साली घर सोडले, त्यापूर्वीची ही गोष्ट. भावे कुटुंब तेव्हा बडोद्यास होते. मातोश्री रुक्मिणीबाई तेथे गीतेवरील प्रवचनास जात. पण संस्कृत श्लोक कळेनात. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. विनोबांनी वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तर तीही जड वाटली. तेव्हा, मग तूच एक सोपी का करीत नाहीस, असे त्या म्हणाल्या.

१९१८ साली रुक्मिणीबाई वारल्या. जिच्यासाठी पुस्तक व्हावयाचे, तीच राहिली नाही. दुसऱ्या कोणी तेथेच विषय संपविला असता. मी तरी संपविला असता. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास लेखन आरंभिले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी सातशे श्लोक पुरे केले. लेखन चार महिन्यांचे, पण आईचा शब्द बारा-पंधरा वर्षे मनात वागविलेला. नावातही आई ठेवली. पुढल्याच वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अठरा रविवारी त्यांनी कैद्यांपुढे अठरा अध्याय सांगितले. साने गुरुजींनी ते टिपून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली.

दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक सर्वांत जास्त सांगितला जातो आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त अर्धवट सांगितला जातो. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, एवढे म्हणून आपण थांबतो. फळाच्या हेतूने कर्म करू नकोस, हे पुढे आहे. आणि शेवटी, कर्म न करण्याचीही आवड धरू नकोस, असे बजावले आहे. हे शेवटचे आपल्याला नको असते.

मलाही नको होते. एका वर्षी आमगावकडील आमच्या शेतात मृगाच्या सरींवर पऱ्हे टाकले आणि आर्द्रा, पुनर्वसू दोन्ही कोरडी गेली. पऱ्हे पिवळे पडले. मी सासूबाईंना म्हटले, “मामी, फळ आपल्या हाती नाही म्हणतात, यंदा राहू द्या.” त्या लिहावाचावयास शिकलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, “पाऊस देवाचा. पण धुरे कोणाचे गं?” आणि फावडे घेऊन, फुटलेले धुरे बांधावयास उन्हात निघाल्या. मुकाट्याने मीही गेले.

अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: आधार, करणारा, साधने, नाना खटपटी आणि दैव. दैव आहे, नाही असे नाही. पण ते पाचवे आहे. हे मला पुढे मंडळात वाचताना कळले. सासूबाईंना ते कोठून कळले होते, कोण जाणे.

पुष्यात पाऊस आला. धुरे धड होते म्हणून बांध्यांत पाणी थांबले; तरी निम्म्याच बांध्यांची रोवणी साधली, उरलेले पऱ्हे गेले ते गेलेच. दिवाळीनंतर मळणी झाली तेव्हा घरापुरते धान आले, विकावयास काही उरले नाही. सासूबाईंनी पोती मोजली, बियाण्याचे धान आधी वेगळे काढून ठेवले आणि मग जेवावयास बसल्या.