वाकस धरणारा मास्तर

दोस्तांनो, मास्तरकीच्या अटींचा इतिहास आपल्या घरातनं जातो.

१९ ऑक्टोबर १८८२. हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन मांडलं. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण, त्यातले बरेचसे विनाट्रेनिंगचे, पगार क्वचितच दहा रुपयांवर. महार-मांगांच्या पोरांना इतरांशेजारी बसू देत नाहीत, हेही त्याच कागदात आहे. जोतीराव म्हणाले, मास्तर शेतकरी वर्गातून घडवा. वेळ पडली तर नांगर, वाकस हाती धरणारा. त्याला शेती, आरोग्य शिकवा. अन् पगार बारा रुपयांखाली नको.

म्हणजे ट्रेनिंग ही आपलीच मागणी. पण जोतीरावांनी अटीबरोबर पोटही मोजलं होतं.

२०१४ च्या नियमावलीनं बी. एड. दोन वर्षांचं केलं. वर्गात ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला ९०. इंटर्नशिप किमान वीस आठवडे. इथं पोट कुणी मोजलं?

कुर्डुवाडी जंक्शनवर रात्रपाळी करून उतरणारा माझा एक दोस्त पदवीधर आहे. वीस आठवडे पाळी बुडाली तर चूल बुडते, म्हणून त्यानं कोर्स सोडला. वाकस धरणारा हात, तोच फळ्यापासनं तुटला.

हजेरी माफ करा म्हणू नका; आपल्या पोरांना अर्धकच्चा मास्तर नको. त्या वीस आठवड्यांची मजुरी मागा. १८८२ चा कागद अजून निकालात निघालेला नाही.