चरित्रनोंदीचे शीर्षक : आद्याक्षरे आणि पूर्ण नाव

चरित्रनोंद आद्याक्षरांखाली लावावी की पूर्ण नावाखाली, हा प्रश्न मराठी कोशकारांपुढे वारंवार येतो. कारण स्वतःच्या व वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर आणि पुढे आडनाव, एवढ्यावरच अनेक मराठी माणसे प्रसिद्ध असतात. मराठी विश्वकोशाने आडनाव आधी व पूर्ण नाव नंतर ही रीत ठेवली : ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, ‘अत्रे, प्रल्हाद केशव’. तिच्यामुळे वर्णानुक्रम नीट लागतो आणि एकाच आद्याक्षरांची माणसे वेगळी राहतात. ‘केशवसुत’ मात्र टोपणनावाखालीच आहेत, आणि ते योग्यच आहे.

पनवेल–उरण परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जासईचे दिनकर बाळू पाटील (१९२६–२०१३) हे पनवेलचे आमदार, पुढे कुलाब्याचे खासदार आणि सिडको या नगरविकास महामंडळासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या १९८४ च्या लढ्याचे नेते. नवी मुंबई विमानतळालगतच्या करंजाडे वसाहतीत, तसेच वडघर-उलव्याकडे त्यांचे नाव ‘दिबा’ असेच घेतले जाते. राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या विमानतळाच्या नावातही ‘लोकनेते दि. बा. पाटील’ अशी आद्याक्षरेच आहेत. नुसत्या ‘दिनकर पाटील’ या शीर्षकावरून त्यांना फारसे कोणी ओळखणार नाही. अशा वेळी छापील कोशात ‘पाटील, दिनकर बाळू (दि. बा.)’ असे शीर्षक द्यावे आणि ‘दि. बा. पाटील’ येथून निर्देश द्यावा. संगणकावरील कोशात आडनावाचा क्रम पाळण्याची गरज उरत नाही, तेथे ‘दि. बा. पाटील’ हेच मुख्य शीर्षक सोयीचे. मात्र ‘दि.बा.’, ‘दिबा’ आणि ‘डी. बी. पाटील’ ही रूपेही त्याच नोंदीकडे वळवावी लागतात. ‘लोकनेते’ ही उपाधी शीर्षकात घेऊ नये.

नेरूळच्या क्रीडासंकुलामुळे परिचित असलेले डी. वाय. पाटील हे नवी मुंबईतलेच उलटे उदाहरण. त्यांचे नाव ज्ञानदेव यशवंतराव, पण ‘ज्ञा. य. पाटील’ असे कोणी म्हणत नाही, कारण रुळलेली आद्याक्षरे इंग्रजी आहेत. म्हणजे आद्याक्षरे नियमाने घडवायची नसतात, प्रचारातली घ्यायची असतात.

मराठी रीत सरसकट परप्रांतीयांना लावणेही चुकीचे. गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावात ‘एम.’ मदुराईचा, ‘एस.’ आईच्या नावाचा, आडनाव नाहीच. ते शीर्षक उलटे न करता जसेच्या तसे ठेवावे.