लवचीक उत्पादनक्षमता

एकच कारखाना, यंत्र किंवा कामगारांची तुकडी एकापेक्षा अधिक प्रकारचा माल तयार करू शकत असेल, तर त्या क्षमतेला लवचीक उत्पादनक्षमता म्हणतात. क्षमता आधी उभारावी लागते, मागणी नंतर कळते. सगळी अडचण इथेच आहे. समजा, मोटारींचे दोन कारखाने आहेत. प्रत्येकाची क्षमता 100 गाड्यांची आणि प्रत्येकात एकच मॉडेल निघते. एका मॉडेलला 130 आणि दुसऱ्याला 70 गाड्यांची मागणी आली, तर एकूण मागणी 200 असूनही विक्री 170 चीच होते. एकीकडे गिऱ्हाईक परत जाते, दुसरीकडे यंत्रे बसून राहतात. दोन्ही कारखान्यांत दोन्ही मॉडेले निघत असती, तर 200 गाड्या खपल्या असत्या.

मात्र प्रत्येक कारखान्यात प्रत्येक मॉडेल काढायचे, तर साचे, अवजारे आणि प्रशिक्षण यांचा खर्च आवाक्याबाहेर जातो. मग किती लवचिकता पुरेशी? जनरल मोटर्समधील विल्यम जॉर्डन आणि एमआयटीतील स्टीफन ग्रेव्ह्‌ज यांनी 1995 साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर मांडले. त्यांच्या उदाहरणात दहा कारखाने व दहा मॉडेले आहेत. एका कारखान्यात एकच मॉडेल असता सरासरी सुमारे 85 टक्के क्षमता कामी येते. सर्वत्र सर्व मॉडेले निघू लागली, तर सुमारे 95 टक्के. प्रत्येक कारखान्याला दोनच मॉडेले देऊन सगळे एका बंद साखळीत गुंफले, तरी जवळपास तेवढाच लाभ पदरात पडतो. कारखाना आणि मॉडेल यांच्या शंभर जोडण्यांचे काम वीस जोडण्या करतात. या विषयातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय.

याचे कारण वाटपाच्या रीतीत आहे. पहिल्या मॉडेलची मागणी वाढली की शेजारचा कारखाना हात देतो, त्याचे थोडे काम त्याच्या पुढचा उचलतो आणि ओझे असे सरकत सरकत दूरच्या रिकाम्या कारखान्यापर्यंत पोचते. पहिले मॉडेल त्या दूरच्या कारखान्यात निघत नसले तरी चालते. जोडण्या वीसच ठेवून कारखान्यांच्या पाच सुट्या जोड्या पाडल्या, तर लाभ बराच घटतो. म्हणून साखळी अखंड असावी.

परिचारिकांना दोन विभागांचे किंवा कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांना दोन भाषांचे काम देतानाही हेच तत्त्व लागू पडते.

एका मॉडेलची मागणी वाढताना दुसऱ्याची घटत असेल, तेव्हा लवचिकतेचा सर्वाधिक उपयोग होतो. मंदीत सर्वच मॉडेलांची मागणी सारखीच घसरली, तर सरकवायला कामच उरत नाही आणि पूर्ण लवचिकतेवर केलेला खर्चही वाया जातो.